मानसशास्त्रात बीए: क्रेडिटचा हिशेब, जर्नलच्या सह्या आणि कोणत्या दारात काय विचारायचं

एफवायला मानसशास्त्र घेतलेल्या मुलांचे सुरुवातीचे प्रश्न फ्रॉइडबद्दल नसतात. ‘एसईसी आणि व्हीएससीमध्ये फरक काय?’, ‘ओई पण सायकॉलॉजीचाच घेतला तर चालतो का?’, ‘जर्नलवर, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीवर, सही कधी मिळते?’ असले असतात. पंचाईत अशी की ही उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडे असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवतो. ‘तुझ्या तीन-चार वर्षांचा आराखडा मी बघतो’ असं म्हणणारा एकच सल्लागार महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत नसतो. मेंटॉर किंवा पालक-शिक्षक नेमलेले असतात, पण त्यांच्याकडे आपला क्रेडिटचा हिशेब मांडलेला असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो हिशेब स्वतः ठेवायचा. शंभर पानी वही किंवा मोबाईलवरची एक शीट पुरते.

पुढचं सगळं राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांना धरून लिहिलं आहे. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम, परीक्षेची पद्धत आणि तारखा कॉलेजच ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं वेळापत्रक आणि पेपरांची नावं तुमच्याशी जुळली नाहीत तर घाबरायचं कारण नाही.

बावीस क्रेडिट कशाचे?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत राज्यात एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट धरले जातात. वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. हा दुपटीचा फरक लक्षात ठेवा, हजेरीच्या वेळी तो अंगावर येतो.

हे २२ क्रेडिट वेगवेगळ्या खान्यांत वाटलेले असतात. मेजर म्हणजे तुमचं मानसशास्त्र. मायनर म्हणजे जोडीचा दुसरा विषय. व्हीएससी हा मेजरशी जोडलेला कौशल्याचा पेपर. एसईसी हाही कौशल्याचाच, पण तो मेजरशी बांधलेला असावा लागत नाही. एईसी म्हणजे भाषा, व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान अशा गोष्टी, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली आणि सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक वगैरे. शेवटच्या टप्प्यात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि मध्ये फील्ड प्रोजेक्ट किंवा समाजाशी जोडलेला उपक्रम.

ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, खुला ऐच्छिक पेपर. तो मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ओई आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा घ्यायचा असतो. बीएच्या मुलीने ओई म्हणून समाजशास्त्र भरलं की तो फॉर्म परत येतो, आणि तोवर चांगल्या ओईच्या जागा भरलेल्या असतात. बहुतेक जण ‘सोपा कुठला?’ एवढंच विचारून ओई घेतात. मानसशास्त्रवाल्यांसाठी ही खरं तर फुकटात मिळालेली संधी आहे. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या यादीत प्राथमिक संख्याशास्त्र, स्प्रेडशीट, मानवी शरीराची ओळख असं काही असेल तर डोळे झाकून घ्या. एसवाय-टीवायला सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट समोर येतात तेव्हा कलाशाखेचा अर्धा वर्ग हादरतो. मेंदू आणि चेतासंस्थेच्या प्रकरणालाही तसंच होतं. दोन-चार क्रेडिटच्या ओईत ही भीती आधीच निघून गेलेली बरी.

मेजर पक्कं कधी होतं?

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घ्यायचे आणि एसवायला जाताना त्यातला एक मेजर, दुसरा मायनर करायचा, तिसरा सोडायचा, अशी रचना आहे. काही ठिकाणी मेजर पहिल्या दिवसापासूनच ठरलेलं असतं. प्रवेश घेताना ऑफिसात आणि विभागात, दोन्हीकडे हे विचारा: ‘एसवायला मानसशास्त्र मेजरच्या जागा किती आणि मागणी जास्त आली तर कशावर देता?’

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण मानसशास्त्राला प्रयोगशाळा लागते, उपकरणं आणि चाचण्यांचे संच लागतात, प्रात्यक्षिकाच्या बॅच लहान ठेवाव्या लागतात. इतिहासाच्या वर्गात आणखी दहा बाकं टाकता येतात, इथे तसं होत नाही. जागा कमी पडल्या की बहुधा एफवायचे गुण बघितले जातात. ‘पहिलं वर्ष काय, पासिंगपुरतं’ म्हणणाऱ्यांचं मेजर इथेच हुकतं.

मायनरसाठी समाजशास्त्र जोडीला छान चालतं, सामाजिक मानसशास्त्राचा बराच भाग ओळखीचा वाटतो. अर्थशास्त्र घेतलं तर पुढे ग्राहक वर्तन किंवा मनुष्यबळाकडे वळताना उपयोग होतो. तत्त्वज्ञान वाचायची आवड असेल तर उत्तम. मार्क मिळतात एवढ्याच कारणासाठी न आवडणारा विषय घेतला तर तो पुढची कित्येक सेमिस्टर गळ्यात राहतो. मायनर मधेच बदलायला विद्यापीठाची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी आधीचे पेपर देऊन भरून काढावे लागू शकतात.

कोणत्या दारात काय

ऑफिसातली खिडकी: प्रवेश, फी, बोनाफाईड, टीसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, नावातली दुरुस्ती, विषयाचा कोड चुकला असेल तर तो. परीक्षा विभाग: एक्झाम फॉर्म, हॉल तिकीट, केटीचा फॉर्म, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन, निकालात ‘गैरहजर’ लागलं असेल तर ते. एचओडी (विभागप्रमुख): विषयांची निवड, प्रात्यक्षिकाची बॅच, ओजेटीचं पत्र, शिफारसपत्र. मेंटॉर: हजेरी कमी पडतेय, घरची अडचण आहे, अभ्यास झेपत नाही.

सीनियरना नोट्स विचारा, कोणते सर व्हायव्हाला काय विचारतात ते विचारा. नियम विचारू नका. गेल्या काही वर्षांत पॅटर्न इतक्या वेळा बदलला आहे की दोन वर्षं पुढे असलेल्या मुलाची गुणविभागणी, पेपरांची नावं, पुढच्या वर्गात जाण्याचे नियम तुमच्यापेक्षा वेगळे असण्याची शक्यता भरपूर. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली नोटीसही तारीख, सही आणि शिक्का बघितल्याशिवाय खरी धरू नका. मागच्या वर्षीची नोटीस दरवर्षी कोणीतरी पुन्हा टाकतंच.

तोंडी विचारलेलं तोंडी राहतं. फॉर्ममधली चूक, विषयबदल, परवानगी अशी कुठलीही गोष्ट असेल तर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर ‘पोच’ घ्या. अर्ज चार ओळींचा पुरतो:

‘प्रति, मा. विभागप्रमुख, मानसशास्त्र विभाग. विषय: सेमिस्टर ३ च्या फॉर्ममधील ओईचा कोड दुरुस्त करण्याबाबत. महोदया, मी एसवायबीए, विभाग ब, हजेरी क्रमांक ४१, पीआरएन (…). एक्झाम फॉर्मवर माझा ओई चुकीचा नोंदला गेला आहे. मी ज्या ओईच्या तासांना बसते त्याचा कोड (…) असून फॉर्मवर (…) असा आला आहे. सोबत प्रवेश पावती व फॉर्मची प्रत जोडली आहे. दुरुस्तीसाठी परीक्षा विभागाकडे शिफारस करावी, ही विनंती. आपली विश्वासू, …’

पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), चुकीचा कोड आणि बरोबर कोड या तीन गोष्टी नसल्या की अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. ‘माझा विषय चुकलाय, प्लीज बघा’ या वाक्यावर क्लार्कला काहीच करता येत नाही.

एचओडींना भेटायला जाताना तीन गोष्टी हातात हव्यात: आतापर्यंतच्या गुणपत्रिका, तुमच्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम आणि तुमची क्रेडिटची वही. ‘मॅडम, मी काय करू?’ असं विचारलं की उत्तरही तितकंच मोघम मिळतं. ‘मॅडम, सेमिस्टर चारपर्यंत माझे ८८ पैकी ८६ क्रेडिट झालेत, एईसी राहिलाय, तो पाचव्यात देऊ की उन्हाळ्यातल्या परीक्षेत?’ याला नेमकं उत्तर येतं.

एबीसी आयडी आणि आडनावाचा घोळ

एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक. डिजिलॉकरवरून १२ आकडी क्रमांक काढायचा, तोच आता अपार आयडीशी जोडला आहे. क्रेडिट या खात्यात जमा होतात, मधे शिक्षण थांबलं तर तिथेच राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. एका पदवीसाठी वापरलेला क्रेडिट दुसऱ्या पदवीला पुन्हा चालत नाही.

इथे मराठी मुलांची हमखास अडचण होते ती नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं, शेवटी आडनाव. कुणाच्या आधारवर वडिलांचं नाव गायब, कुणाच्या नावात एक इंग्रजी अक्षर जास्त. नावं जुळली नाहीत की क्रेडिट खात्यावर चढत नाहीत आणि हे टीवायच्या शेवटी कळतं. एफवायच्या पहिल्या महिन्यातच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जन्मतारीखही बघा. आधार दुरुस्त करायचं की कॉलेजातली नोंद, हे ऑफिसात विचारूनच ठरवा. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव बदलायला बोर्डाकडे जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून शक्यतो आधारवरचं नाव दुरुस्त करणं सोपं पडतं. दर निकालानंतर डिजिलॉकर उघडून त्या सेमिस्टरचे क्रेडिट चढले का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

स्वयम्‌वरचे ऑनलाईन कोर्स करून क्रेडिट घेता येतात, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत. अट एकच, कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता हवी. आधी कोर्स पूर्ण करून मग प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यांच्या हाती छान कागद राहतो, क्रेडिट नाही.

प्रात्यक्षिक आणि जर्नल

मानसशास्त्राची केटी थिअरीत कमी आणि जर्नलच्या हलगर्जीपणात जास्त लागते. थिअरी आणि प्रात्यक्षिकाचं पासिंग वेगळं असतं, एकाचे गुण दुसऱ्याला उधार मिळत नाहीत. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत.

जर्नलमधल्या प्रत्येक प्रयोगाची मांडणी ठरलेली असते: प्रस्तावना, समस्या, गृहीतक, चल, साहित्य, कार्यपद्धती, प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला) दिलेल्या सूचना, निरीक्षणाचा तक्ता, निष्पत्ती, चर्चा, निष्कर्ष, आणि प्रयुक्ताचं आत्मनिरीक्षण. प्रयोग जोडीने होतो, आज तुम्ही प्रयोगकर्ता आणि जोडीदार प्रयुक्त, नंतर उलट. जोडीदार सारखा गैरहजर राहणारा असेल तर दुसऱ्याच आठवड्यात शिक्षकांना सांगून जोडी बदला. नंतर बॅच पक्की होते.

एक प्रयोग जवळून बघू. म्युलर-लायर भ्रम बहुतेक ठिकाणी असतोच. पट्टीवर दोन रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. एक रेषा स्थिर, दुसरी सरकवून स्थिर रेषेइतकी ‘दिसेपर्यंत’ आणायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. गंमत फेऱ्यांच्या आखणीत आहे. सरकती रेषा कधी खूप लांब ठेवून कमी करत आणायची, कधी खूप आखूड ठेवून वाढवत. कधी ती डावीकडे, कधी उजवीकडे. चार परिस्थिती, प्रत्येकी पाच किंवा दहा फेऱ्या, म्हणजे एकूण २० किंवा ४०. हालचालीच्या दिशेमुळे येणारी चूक आणि जागेमुळे येणारी चूक एकमेकींना छेदून जावी म्हणून ही आखणी. सगळ्या मापांची सरासरी म्हणजे प्रयुक्ताला जिथे दोन्ही रेषा सारख्या वाटतात तो बिंदू, आणि त्यातून स्थिर रेषेची लांबी वजा केली की भ्रमाचं मिलिमीटरमधलं माप.

चुका ठरलेल्या. प्रयोगकर्ता प्रत्येक फेरीनंतर ‘अरे, किती लांब ठेवलीस!’ म्हणतो आणि प्रयुक्त सुधारायला लागतो, माप बिघडतं. पट्टीचा मागचा, आकडे असलेला भाग प्रयुक्ताला दिसतो. तक्त्यात माप लिहिलं जातं पण डावीकडे की उजवीकडे हे लिहायचं राहतं, मग शेवटी परिस्थितीनुसार सरासरी काढताच येत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवणं. बाहेरून आलेले परीक्षक दिवसभर जर्नल बघतात. तीन मुलांची सरासरी दशांशापर्यंत तीच आली की त्यांना सांगावं लागत नाही. व्हायव्हाला ते एवढंच विचारतात, ‘तुमचा प्रयुक्त चष्मा लावतो का? काढायला सांगितलं होतं का?’ आणि मुलगा गप्प. निष्पत्ती गृहीतकाच्या विरुद्ध आली तर ती तशीच लिहा, चर्चेत कारण द्या. त्याचे गुण जात नाहीत. चर्चा कोरी ठेवल्याचे जातात.

हजेरीचा हिशेब इथे बारकाईने करा. २ क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. सत्र दोन तासांचं धरलं तर ३० सत्रं, ७५ टक्क्यांना २३. म्हणजे सातच दांड्या. गणपतीत घरी आठवडाभर, एखाद्या लग्नाला तीन दिवस, एक आजारपण, संपल्या. ४ क्रेडिटच्या थिअरीचेही ६० तासच, पण तास एकेकाचे असल्याने एका दिवसाच्या दांडीचा फटका कमी बसतो.

प्रत्येक प्रयोगावर त्याच आठवड्यात सही घ्या. शेवटच्या आठवड्यात दहा प्रयोगांचं जर्नल घेऊन विभागाबाहेर रांग लावणाऱ्यांना शिक्षक दोष काढून परत पाठवतात आणि प्रमाणपत्राच्या पानावरची एचओडींची सही राहते.

व्यक्तिमत्त्वाच्या किंवा चिंतेच्या चाचण्या वर्गमित्रांवरच घेतल्या जातात, म्हणून एक पथ्य: जर्नलमध्ये प्रयुक्ताचं पूर्ण नाव लिहायचं नाही, आद्याक्षरं, वय, लिंग, शिक्षण पुरे. त्याचा स्कोअर कॅन्टीनमध्ये सांगायचा नाही. आणि चाचणीची झेरॉक्स काढून घरी मामेभावाला ‘तुझं टेस्टिंग करते’ म्हणायचं नाही. बहुतेक चाचण्या स्वामित्वहक्काच्या असतात, शिवाय नुसता स्कोअर सांगून कुणाला घाबरवण्याचा अधिकार बीएच्या विद्यार्थ्याला नाही.

ग्रेडचं गणित

दहा पॉइंटची पट्टी आहे: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, नापास शून्य. प्रत्येक पेपरचा पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, झाला त्या सेमिस्टरचा एसजीपीए.

उदाहरणादाखल एक सेमिस्टर: मेजर थिअरी ४ क्रेडिट, पॉइंट ७, म्हणजे २८. मेजर प्रात्यक्षिक २ क्रेडिट, ९, म्हणजे १८. ओई ४ क्रेडिट, ८, म्हणजे ३२. व्हीएससी १६, एसईसी १८, एईसी १२, व्हीईसी १४, आयकेएस १६, सीसी २०, हे सगळे दोन-दोन क्रेडिटचे. बेरीज १७४, भागिले २२, एसजीपीए ७.९१.

आता मेजर थिअरीचा पॉइंट ७ वरून ९ वर नेला तर १८२ भागिले २२, ८.२७. तेवढीच मेहनत एईसीवर करून ६ चा ८ केला तर १७८ भागिले २२, ८.०९. चार क्रेडिटचा पेपर दुप्पट देतो. उलट बाजूने, जर्नल न दिल्याने प्रात्यक्षिकात शून्य आलं तर १५६ भागिले २२, थेट ७.०९, वर केटी वेगळी.

हा हिशेब आत्ताच करायचं कारण म्हणजे चौथं वर्ष. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. शेवटच्या सेमिस्टरला जागं होऊन ती सरासरी ओढता येत नाही.

केटीबद्दल थोडक्यात: किती विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाता येतं, हे विद्यापीठागणिक वेगळं आहे, पण एफवायचे सगळे पेपर सुटल्याशिवाय टीवायला प्रवेश नाही, हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. केटीचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. इंटर्नलमध्ये नापास की लेखी परीक्षेत, हे गुणपत्रिकेवर बघा. इंटर्नल राहिलं असेल तर परीक्षा विभागाकडे जाऊन उपयोग नाही, त्या विषयाच्या शिक्षकांना भेटावं लागतं. फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालानंतर मोजकेच दिवस असते, गावी असाल तरी ऑनलाईन अर्ज करा.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी

जिथे परवानगी आहे तिथे मराठीतून पेपर लिहिल्याने गुण कमी मिळत नाहीत, पण संज्ञा चुकली तर कमी मिळतात. ‘अभिसंधान’, ‘प्रबलन’, ‘विलोपन’ हे शब्द वर्गात एक, पुस्तकात दुसरे आणि गाईडमध्ये तिसरे सापडतात. पहिल्या उल्लेखाला मराठी संज्ञेशेजारी मूळ इंग्रजी शब्दही लिहायची सवय लावा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यासाठी कामाला येतात. एमएची प्रवेश परीक्षा बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असते, तेव्हा ही शेजारी लिहिलेली यादीच कामी येते.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की दर आठवड्याला आपल्याला नवा विकार झालाय असं वाटायला लागतं. हे जवळजवळ सगळ्यांना होतं. त्रास खरोखरच असेल तर मात्र शिक्षकांना आपला समुपदेशक करू नका, तेच तुमचे गुण देणार असतात आणि हे दुहेरी नातं दोघांनाही जड जातं. कॉलेजचा समुपदेशन कक्ष किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ओजेटी: १२० तास कुठे घालवायचे

चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे १२० तास. विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, शाळेतला समुपदेशन विभाग, कंपनीचा एचआर, सामाजिक संस्था, हे सगळं चालतं. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. अशा ठिकाणी परवानगीला वेळ लागतो, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दोन महिने आधी पाठवलेलं बरं.

बीएचा विद्यार्थी तिथे बघतो, नोंदी ठेवतो, उपक्रमांना मदत करतो. समुपदेशन करत नाही. ‘पहिल्याच आठवड्यात केस हाताळायला देऊ’ असं सांगून वर पैसे मागणारी ठिकाणं दिसतात, लांब राहा. प्रमाणपत्र रंगीत असतं, शिकवणारं कुणी नसतं. लॉगबुक रोजच्या रोज भरा: तारीख, वेळ, काय केलं, देखरेख करणाऱ्यांची सही. रुग्णाचं नाव किंवा फोटो कुठेच नको. १२० तासांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी घेतलेल्या दिसल्या की विभाग अहवाल परत पाठवतो.

पुढची दारं, आधीच बघून ठेवलेली

बीएवर कुणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. औषधं लिहिणारा सायकियाट्रिस्ट एमबीबीएस करून पुढे गेलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. या वाटेवरचे अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत. वर्षानुवर्षं चाललेला एमफिल बंद होण्याच्या मार्गावर आहे आणि त्याजागी नवे येत आहेत. म्हणून कुठल्याही संस्थेची जाहिरात वाचली की आधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत ती संस्था आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही शोधा. संस्था मान्यताप्राप्त आणि कोर्स बिनमान्यतेचा, असंही असतं.

पत्राद्वारे शिकायचा विचार असेल तर ही गोष्ट माहीत हवी: यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीने द्यायला मनाई केली आहे. नोकरी सांभाळून एमए करायचा बेत आखला असेल तर तो आता बदलावा लागेल.

एमएसाठी केंद्रीय विद्यापीठं आणि इतर काही संस्था सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेचे गुण बघतात, राज्यातली विद्यापीठं आपापल्या पद्धतीने प्रवेश देतात. सीयूईटी-पीजीचे फॉर्म टीवायच्या मधेच, हिवाळ्यात निघतात. निकालाची वाट बघत बसलेल्याचं वर्ष जातं. बऱ्याच ठिकाणी ५० किंवा ५५ टक्क्यांची अट असते आणि तुमच्याकडे असतो सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा मिळून ग्रेडचा आकडा. टक्केवारीत रूपांतराचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं, त्यामुळे दहाने गुणून फॉर्ममध्ये भरू नका. विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं नसेल तर रूपांतराचं प्रमाणपत्र मागून घ्या.

शिफारसपत्र हवं असेल तर तीन आठवडे आधी मागा आणि मॅडमना सोबत एक पान द्या: कोणते पेपर त्यांच्याकडे केले, प्रोजेक्टचा विषय काय होता, ओजेटी कुठे केली, पत्र कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत पोचायला हवं. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर टीसीबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्राचाही अर्ज करा. ते कॉलेजातून नाही, विद्यापीठातून येतं, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथली रांग सगळ्यात लांब असते.